मूठ न वळणारा हात

३ फेब्रुवारी

ताई,

पत्र बघून दचकू नकोस. आई बरी आहे, मी बरा आहे, घराचं छप्पर जागेवर आहे. मी आपणहून पत्र लिहिलं म्हणजे जग बुडालं असं तुला वाटणार, म्हणून आधीच सांगून टाकलं.

सोबत बिस्किटांचा डबा पाठवतोय. त्यात कापसात गुंडाळलेली तीन हाडं आहेत. आमच्या लोडरवाल्याला सापडली. खाणीच्या पूर्वेकडची दरड कोसळली होती, तो जुना ढीग आठवतो ना? क्रशरकडे जाणारा रस्ता रुंद करायचा म्हणून नव्या मॅनेजरने तो उचलायला काढलाय. मी मुकादम असलो तरी त्याच्यापुढे माझं काही चाललं नाही. ढिगातला दगड इतक्या वर्षांत भिजून भिजून चिखल झालाय, आणि त्या चिखलात ही सुटी पडली होती. काळपट आहेत. मधे बारीक, दोन्ही टोकांना रुंद.

तू म्युझियमच्या तळघरात बसून दिवसभर समुद्रातल्या जुन्या जनावरांची हाडंच साफ करतेस, तर बघून सांग कशाची आहेत. गाय-म्हैस असेल असं लोडरवाला म्हणतो. असेलही. आणखी एक विचारायचं होतं. हाड किती जुनं ते कळतं का? म्हणजे दहा-बारा वर्षांचं असलं तर तसं सांगता येतं का?

घाई काही नाही, पण लवकर कळव. फोन करू नकोस. फोन मॅनेजरच्या टेबलावर असतो आणि त्याचे कान लांब आहेत. आईला काही लिहू नकोस.

तुझा,
घुम्या


७ फेब्रुवारी
(पोस्टकार्ड)

घुम्या,

तिन्ही हाडं बघितली. ओळखायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बोटांची पेरं आहेत रे! डावा हात की उजवा ते बाकीचं बघितल्यावर सांगेन. हात इथे आहे म्हणजे धडही फार लांब नसणार. आता ढिगाला कुणाला हात लावू देऊ नकोस आणि एक शब्द बाहेर काढू नकोस, मॅनेजरपाशी तर नाहीच. असल्या गोष्टीला पाय फुटायला वेळ लागत नाही. म्युझियमच्या मोठ्या बाईंबरोबर दौऱ्यावर निघालेय, गाडी दाराशी उभी आहे. पंधरा दिवसांनी परत आले की सरळ तिकडेच येते. इतकी वर्षं तुझ्या नाकाखाली पडून होता आणि तुला पत्ता नाही. धन्य आहेस.

ताई


१० फेब्रुवारी

ताई,

कार्ड मिळालं. पोस्टमनने ते उघडंच हातात दिलं. त्याने वाचलं असेल का, याच विचारात सकाळ गेली.

तू ओळखलंस. दोन मिनिटांत ओळखलंस आणि तरी माझी चेष्टा करतेस, हे मला कळत नाही. की कार्डावर दुसरं काही लिहिता येत नव्हतं म्हणून तसं लिहिलंस? तू सगळं समजून घेतलंयस असं धरून मी आता लिहितो. हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही.

अण्णा गेले तो दिवस तुला ऐकून माहीत आहे. तू तेव्हा शहरात होतीस. आईचं आणि त्यांचं सकाळपासून वाजलं होतं. साडेचारच्या सुमारास अण्णा पिशवीत कपडे भरून बाहेर पडले. आई म्हणते, मागे वळूनही बघितलं नाही. स्टँडवर ते कुणाला दिसले नाहीत, पण शोधलं तरी कुणी? जाणारा माणूस जातो असं सगळे म्हणाले. आईने तर त्यांचं नाव टाकलं.

आपल्या घरातून स्टँडकडे जाणारी जवळची वाट खाणीच्या पूर्वेच्या दरडीखालून जायची. खालची वाट म्हणायचो आपण. त्या दिवशी पाच वाजता त्याच दरडीला सुरुंग होता. मी एकोणीस वर्षांचा, सुरुंगवाल्याच्या हाताखाली. नियम असा की तीन लांब शिट्ट्या द्यायच्या, मग खालच्या वाटेने वळणापर्यंत चालत जाऊन बघून यायचं आणि मगच हात वर करायचा. मी शिट्ट्या दिल्या. चालत गेलो नाही. संध्याकाळी सामना होता, मला पोचायचं होतं. मी जागेवरूनच हात वर केला.

दरड ठरल्यापेक्षा तिपटीने खाली आली. वाट कायमची गाडली गेली. सुरुंगवाला म्हणाला, नशीब, खाली कुणी नव्हतं. रात्री घरी आलो तेव्हा आई म्हणाली, तुझे अण्णा गेले बघ.

ताई, मी अकरा वर्षं या ढिगावर पहारा देतोय. मुकादम झालो तो एवढ्याचसाठी. आधीच्या दोन मॅनेजरांना मी सांगायचो, तिथे पाणी मुरतं, माती धरत नाही, माणूस दगावेल. त्यांनी ऐकलं. या नव्याने नाही ऐकलं.

हाडं लोडरवाल्याला सापडली नाहीत. मला सापडली. पाच होती, तीन तुला पाठवली. एक मी माझ्या बोटाशेजारी ठेवून बघितलं. मधल्या बोटाच्या पहिल्या पेराएवढं आहे, अगदी थोडं मोठं. अण्णांचे हात मोठे होते.

तुझं कार्ड आलं त्या दुपारी मी घाबरून भलतंच करून बसलो. धड जवळच असणार असं तू लिहिलं होतंस. मी बुलडोझर स्वतः चालवला, तिथे बारा डंपर माती ओतली आणि वरून चेपून टाकली. खाली काहीतरी कडकडलं. तो आवाज माझ्या कानातून जात नाही.

आता सांग, मी काय करू? पोलिसांत जाऊ का? आईला कोण सांगणार?

घुम्या


१६ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. दौऱ्यावर आहेस हे माहीत आहे, तरी रोज पोस्टमनची वाट बघतो. मधेच वाटतं, पत्र तुला मिळालंय आणि तुला माझं तोंड बघायचं नाहीये. तसं असेल तरी मी काही म्हणणार नाही.

मॅनेजर विचारतोय की उचललेली माती परत ओतलीस कशी. मी म्हणालो, उतार ढासळत होता. जेवण घशाखाली उतरत नाही. आई विचारते, पोट बिघडलंय का, तर मी हो म्हणतो. काल ती म्हणाली की तुझे हात हुबेहूब अण्णांसारखे झालेत. सहज म्हणाली, भांडी पुसता पुसता. मी उठून बाहेर गेलो.

आणखी आठ दिवस बघतो. २४ तारखेच्या मंगळवारी चौकीत जाऊन सगळं सांगणार आहे. तोपर्यंत तू एक ओळ पाठवलीस तर बरं होईल. शिव्या दिल्यास तरी चालेल.

घुम्या


२३ फेब्रुवारी

अरे वेड्या, अरे महामूर्खा,

आज सकाळी परत आले. बॅग अजून दारात आहे. तुझी दोन्ही पत्रं उभ्यानेच वाचली. आधी धावत जाऊन तुमच्या ऑफिसात फोन केला. तुझ्या लांब कानांच्या मॅनेजरला एवढंच सांगितलं की घुम्याला निरोप द्या, ताई म्हणते कुठेही जाऊ नकोस, पत्र येतंय. निरोप दिला असेल अशी आशा आहे.

आता नीट वाच. दोनदा वाच. ते हाड माणसाचं नाही. अण्णांचं नाही. कुठल्याच माणसाचं नाही. समुद्रात राहणाऱ्या, मान लांब असलेल्या एका सरपटणाऱ्या जनावराचं आहे. त्याला चार वल्ही असायची आणि त्या वल्ह्यांनी ते पोहायचं. तुमची खाण आहे तिथे तेव्हा समुद्र होता. किती जुनं म्हणून विचारलंस ना? दहा-बारा वर्षं वाचून मला वाटलं की तू थट्टा करतोयस. दहा-बारा कोटी म्हटलंस तरी कमीच पडेल.

इथे तळघरात आम्ही वल्हं म्हणतच नाही. सगळे जण हातच म्हणतात. आतल्या हाडांची रचना हाताचीच असते, खांदा, दंड, मनगट, बोटं. मला ती सवय इतकी जडलीय की हा शब्द बाहेरच्या माणसाला कसा ऐकू येईल याचा विचारच केला नाही. त्यात कार्ड, त्यात घाई. कुणाला सांगू नकोस म्हटलं ते अशासाठी की असली हाडं चोरीला जातात. मी तुला फाशीची चिठ्ठी पाठवली आणि पंधरा दिवस मजेत डोंगर बघत हिंडले. माझ्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

आणि त्या शिट्टीचं. तू हे अकरा वर्षं पोटात ठेवलंस? मी कोण होते रे तुझी?

चौकीत जाऊ नकोस. जेव.

ताई


२७ फेब्रुवारी

ताई,

निरोप मिळाला, पत्रही मिळालं. मंगळवारी चौकीच्या पायरीपर्यंत गेलो होतो, तिथून आमच्या शिपायाने मला मागे बोलावून आणलं.

पत्र दोनदा नाही, दहादा वाचलं. पण तू लहानपणापासून माझ्यासाठी खोटं बोलत आलीयस. खिडकीची काच मी फोडली आणि मार तू खाल्लास. आता तर मामला मोठा आहे. कार्डावर तू हात लिहिलंस, धड लिहिलंस. मी घाबरलोय असं कळल्यावर त्याचं जनावर झालं. तुझ्यावर विश्वास नाही असं नाही, पण तू मला वाचवायला काहीही लिहिशील हेही मला माहीत आहे.

माझ्याजवळ दोन हाडं उरली आहेत. ती बघितली की मला बोटंच दिसतात.

घुम्या


२ मार्च

घुम्या,

बरोबर आहे तुझं. मी खोटं बोलले असते. म्हणून माझ्यावर विश्वास ठेवूच नकोस. तूच ओळख. मी इथे नव्या मुलींना शिकवते तसंच तुला लिहून देते.

हाड उजेडात धर. आधी टोकं बघ. आपल्या बोटाच्या हाडाच्या टोकाला गोल उंचवटा असतो, मधे खाच असते, त्या खाचेत पुढचं पेर फिरतं. म्हणून आपली मूठ वळते. तुझ्या हाडाच्या टोकांवर बोट फिरव. खाच लागते का? टोकं सपाट आणि खरबरीत असली, तर ते बोट कधी मिटतच नव्हतं. त्या जनावराला मूठ वळता यायची नाही, त्याला फक्त पाणी मागे ढकलायचं असायचं.

मग एका हाडाची कड मोडून बघ. हो, मोड, मी सांगतेय. एरवी कुणी मोडलं असतं तर मी त्याला उभा जाळला असता. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसेल. ती भोकं रिकामी आहेत की पांढऱ्या दगडाने भरलीयत ते बघ. अकरा वर्षांत भोकं दगडाने भरत नाहीत.

तरी मन खात राहिलं तर शेवटचं. जिथे हाडं सापडली तिथे फावडं न लावता हाताने आणि जुन्या ब्रशने माती काढ. एका बोटाची हाडं ओळीने सापडतील. ती मोज. माणसाच्या बोटाला पेरं तीन, अंगठ्याला दोन. याहून एक जरी जास्त निघालं तरी तो माणूस नाही. मोजणं माझ्या हातात नाही, तिथे मी खोटं बोलू शकत नाही.

मोजून झालं की लगेच लिही. माझा जीव टांगणीला लागलाय.

ताई


९ मार्च

ताई,

टोकं सपाट आहेत. खाच नाही. माझ्या बोटाचा सांधा दाबून बघायचो, मग त्या हाडाचं टोक, असं किती वेळ चाललं होतं देव जाणे. कड मोडली. आत पांढरं भरलंय, उन्हात चमकतं.

रविवारी खाण बंद होती. दाढीचा ब्रश आणि चमचा घेऊन ढिगावर गेलो. मी ओतलेली माती आधी बाजूला सारावी लागली, वरची लोडरने, खालची हाताने, सकाळ त्यातच गेली. दुपारनंतर एक ओळ लागली. पहिलं, दुसरं, तिसरं. तिसऱ्यापाशी मी थांबलो. माझं पुढे धाडस होईना. तिथेच गुडघ्यावर बसून राहिलो. मग चमचा लावला आणि चौथं लागलं.

ताई, मी रडलो. मोठ्याने रडलो, कुणी नव्हतं म्हणून. मग मोजत गेलो. पाच, सहा, सात, टोकाकडे बारीक बारीक होत जातात. नऊ निघाली. शेजारच्या बोटाची आठ मिळाली, पुढचं अजून मातीत आहे. त्याच्या वरच्या अंगाला तू म्हणतेस तो दंड आहे, माझ्या मांडीएवढा. मागचा भाग बुलडोझरखाली गेला. चुरा झालाय. तो कडकड आवाज त्याचाच. तुझ्या जनावराचं मी वाटोळं केलं, माफ कर.

तू खोटं बोलली नाहीस. पण आता जे लिहितो त्यावर हसू नकोस. जनावर निघालं म्हणून माणूस नाही असं कुठे आहे? हा हात जनावराचा, कबूल. पण वाट याच ढिगाखाली आहे, अजून दहा-बारा हात खोल. अण्णा त्या वाटेने गेले नाहीत हे कुणी सांगितलं? काल संध्याकाळी मला वाटलं की सुटलो. रात्री पुन्हा छातीत तेच सुरू झालं. सगळा ढीग उचलून वाट मोकळी झाल्याशिवाय कळणार नाही, आणि त्याला चार महिने लागतील. मला चार महिने निघायचे नाहीत. त्यापेक्षा चौकीत जातो, ते मशीन लावून उकरतील. निदान कळेल तरी.

घुम्या


१३ मार्च

घुम्या,

हे पत्र मी तीनदा फाडलं. एवढी मोठी झाले, दिवसभर सुईने दगडातून हाडं सोडवते, माझा हात कधी हलत नाही. आज अक्षर बघ कसं आलंय.

चौकीत जाऊ नकोस. ढीग उकरू नकोस. त्याच्याखाली कुणी नाही. हे मला त्या हाडांवरून कळलेलं नाही. मला हे साडेदहा वर्षांपासून माहीत आहे.

अण्णा गेल्यानंतर सात महिन्यांनी म्युझियमच्या पत्त्यावर मला त्यांचं पत्र आलं. ते सोबत पाठवतेय. एकच आलं, पुढे कधी आलं नाही. वाच. लांबच्या एका गावी कुणाच्या दुकानात कामाला लागलोय, तब्येत ठीक आहे, परत येणार नाही, शोधू नका, असं आहे. त्यात हेही आहे की ते त्या दिवशी स्टँडवर गेलेच नाहीत. वरच्या रस्त्याने गेले आणि एका ट्रकवाल्याने त्यांना घेतलं. त्यांनी तुझ्या खालच्या वाटेवर पाऊलसुद्धा टाकलेलं नाही.

मी ते कुणाला दाखवलं नाही. आई तेव्हा नुकती दोन घास खायला लागली होती. मला वाटलं, ते जिवंत आहेत आणि तरी येत नाहीत हे कळलं तर ती खचेल. आणि मला रागही आला होता, त्यांनी मला एकटीला पोस्ट ऑफिस करून टाकल्याचा. म्हणून मी त्यांना उत्तर दिलं नाही आणि तुम्हाला सांगितलं नाही. दिवस गेले, मग वर्षं गेली, मग सांगायचं म्हटलं तर आधी का सांगितलं नाहीस याला माझ्यापाशी जबाब नव्हता.

तुझा मी विचारच केला नाही. खरं सांगते. तू घुम्या, तुला काही लागत नाही, असं घरात सगळ्यांनीच धरून चाललं होतं आणि मीही. २३ तारखेला तुझं पत्र वाचलं तेव्हाच हे लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. हाडांवरून तुझी समजूत पटेल आणि मला हे सांगावंच लागणार नाही, असा हिशेब केला. तुला टोकं बघ आणि पेरं मोज असं शिकवत बसले आणि हा कागद माझ्या कपाटात होता.

त्यांच्या पत्रात खाली तुझ्यासाठी दोन ओळी आहेत. त्या वाचल्यावर तू मला काय म्हणशील याची मला फार भीती वाटतेय. तू मला शिव्या दे, ये आणि तोंडावर दे, पण गप्प बसू नकोस. तू गप्प बसलास तर काय करायचं ते मला कळणार नाही.

ताई


२० एप्रिल

ताई,

सव्वा महिना लिहिलं नाही. मुद्दाम लिहिलं नाही. तुझी चार कार्डं आली, ती वाचली.

अण्णांचं पत्र मी ढिगावर उभा राहून वाचलं. वरचा रस्ता, ट्रक, सगळं वाचलं. वाटलं होतं की छाती एकदम हलकी होईल. झालीही. मग खालच्या दोन ओळी वाचल्या. घुम्याला सांग, त्या खाणीत राहू नको, दुसरं काहीतरी शीक, तुझे हात चांगले आहेत. त्यावर तारीख होती. त्या वर्षी मला शहरात सुतारकामाच्या शाळेत जागा मिळाली होती, तुला आठवत असेल. मी नको म्हणालो. सगळ्यांना वाटलं, आळशी आहे. मला ढीग सोडून जाता येत नव्हतं. नंतर एका घरातून माझ्यासाठी विचारणा आली, मुलगी मला आवडली होती. तिलाही नाही म्हणालो. बाप मारलेल्या माणसाने कुणाच्या गळ्यात पडावं?

मला तुझा राग आहे. खूप आहे. किती दिवस राहील माहीत नाही. तू आईसाठी केलंस हे कळतं, तरी राग जात नाही. पहिले पंधरा दिवस मी मनात तुझ्याशी इतका भांडलो की आयुष्यात कुणाशी बोललो नसेन.

मॅनेजरला मी जनावर दाखवलं. त्याने टोपी काढली. तुमच्या मोठ्या बाईंचं पत्र त्याला आलंय, मेच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही सगळे येताय. तोवर मी वरून ताडपत्री घातलीय. चुरा झालेला भागही गोळा करून खोक्यांत भरलाय, कुठला तुकडा कुठे होता ते खोक्यावर लिहिलंय, तुला जोडता आला तर जोड. खाणीतलं काम मी या महिन्याअखेर सोडतोय. पुढे काय ते ठरलेलं नाही. अण्णांना लिहायचं की नाही तेही नाही.

आईला अजून काही सांगितलेलं नाही. ते तुझं काम आहे, ते मी करणार नाही. अण्णांचं पत्र मी घरी ठेवलंय. तू आलीस की तू ते तिला वाचून दाखवायचंस. तू घाबरली असशील. भीती एकट्याने सोसायची म्हणजे काय असतं ते मला चांगलं माहीत आहे, म्हणून त्या वेळी मी तुझ्या शेजारी बसेन.

भाऊ